नाहूरचं माहेर

पार्ल्याची अनुपमा नाहूरच्या भातशेतात वाट चुकली, ती त्र्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर. ऑफिसातल्या शकुनं "स्टेशनपासून सरळ ये गं" एवढंच सांगितलं होतं. शेतातून सरळ कोण कधी गेलंय?

"शकुचं घर कुठे हो?" तिनं भात कापणाऱ्या एकाला विचारलं.

"कुठली शकु? लांब केसांची की भांडकुदळ?"

"...भांडकुदळ."

"मग चला. माझीच बहीण ती."

हा नंदू. बांध अरुंद होता, त्यानं हात पुढे केला. तिनं आधी आढेवेढे घेतले, मग धरला. बांध संपला तरी तो सुटायला जरा उशीरच झाला.

त्यानंतर वर्षभर अनुपमाला नाहूरला जायला निमित्तं सापडत गेली. शकुला वाटायचं, आपल्यासाठीच येते. वाटू दे बिचारीला. कौलारू घर, शेणानं सारवलेली ओटी, चुलीवरची भाकरी, आणि "खा बाय, लाजू नको" म्हणणारी नंदूची आई. अनुपमाची आई लहानपणीच गेलेली. तिला नंदू हवा होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासकट ते अख्खं घर हवं होतं.

"आईशी बोल ना रे."

"बोलतो गं... कापणी होऊ दे."

पुन्हा कापणी झाली. नव्या भाताच्या जेवणाचं बोलावणं आलं. अनुपमा केसांत अबोली माळून गेली. आज काय ते ठरणार होतं. पण जेवताना नंदूनं मान वर केली नाही.

जेवणानंतर त्याच्या आईनं तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, कोरी साडी दिली, पदरात नवे तांदूळ घातले. अनुपमाला वाटलं, होकारच हा, दुसरं काय—

"तुला आय नाय ना बाय? आजपासून हा घर तुजा माहेर. जशी शकु, तशी तू. नंदूच्या लगनात करवली तूच."

आणि तिनं अनुपमाच्या गालावरून हात फिरवला. अगदी मायेनं. म्हणून तर जास्त लागलं.

नंदू सोडायला निघाला. बांधावर तिनं विचारलं, "बोललास?"

"सकाळीच."

"मग?"

"म्हणाली, परजातीची सून या घरात नको. पण पोर गुणाची आहे... आणि पेटीतून साडी काढली."

"तू काय म्हणालास?"

सून म्हणून मागितलेल्या मुलीला आईनं लेक करून टाकलं, आणि हा पठ्ठ्या मुकाट्यानं जेवला होता.

बांध संपत आला तसा त्यानं सवयीनं हात पुढे केला. अनुपमानं दोन्ही हातांनी तांदळाचा पदर धरला होता.

"येते, नंदूदादा."

"असं नको ना म्हणू, अनु..."

"मग काय म्हणू? तू सांग. सांगशील ते म्हणेन."

ती थांबली. खरंच वाट बघत थांबली.

"सांभाळून जा," नंदू म्हणाला.