बाहेरच्यापेक्षा थंड हवा

सुलक्षणा धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात सोळा वर्षं इंजिन आणि उष्णता शिकवत होती. त्यामुळे तिच्या धाकट्या भावाने, भूपेंद्रने, गाडीचं बॉनेट उघडायचं ठरवलं तेव्हा पहिला फोन तिलाच केला.

गाडी छोटीच, पण टर्बोची. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. भूपेंद्र शिरपूरला फवारणी पंपांचं दुकान चालवायचा, आईबरोबर राहायचा. लग्न केलं नव्हतं. आयुष्यात हौस म्हणून त्याने ही एवढी एकच केली होती. गेल्या वर्षी पंधरा मेला, दुपारी दोन वाजता, आईला अर्धांगाचा झटका आला. त्याने तिला मागच्या सीटवर आडवं केलं आणि धुळ्याला निघाला. पारा सेहेचाळीसवर होता. नरडाण्याच्या पुढे गाडीने जोर सोडला. पाय तळापर्यंत दाबला तरी काटा साठच्या वर जाईना. पंचावन्न किलोमीटरला सत्तर मिनिटं लागली. आई वाचली नाही. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

वाटेत त्याने सुलक्षणाला तीन फोन केले होते. ती प्रॅक्टिकलच्या परीक्षेत होती, फोन पर्समध्ये आवाज बंद करून ठेवलेला. याविषयी ती कधी काही बोलली नाही. त्यानेही कधी विचारलं नाही.

"गाडीले हवाच नही भेटनी, ताई," एवढंच तो वर्षभर म्हणत राहिला.

आणि ते खोटं नव्हतं. मूळ नळी इंजिनाजवळूनच हवा ओढायची. तापलेली हवा विरळ होते, आणि इंजिन वाचवायला गाडीचा कॉम्प्युटर टर्बोचा दाब उतरवतो. सुलक्षणाला वाटलं, हाताला काम असलं तर त्याचं दुःख थोडं हलकं होईल. तिनेच त्याला धुळ्याच्या जीवराम नानांच्या गॅरेजात नेलं. नानांनी बंपरच्या खालच्या जाळीतून नवी नळी काढली, तिला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली, फिल्टरभोवती पत्र्याची पेटी बसवली. पहिल्या दिवशी बाहेर चव्वेचाळीस अंश होते आणि नळीतली हवा एकोणपन्नास. आधी ती अडुसष्ट असायची.

"याच्यापुढे काही नाही आता," सुलक्षणा म्हणाली. "बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा आत येऊच शकत नाही. सुटलास तू."

आठ दिवसांनी त्याने मोबाईलवर फोटो पाठवला. गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर छत्तीस. बाहेर पंचेचाळीस.

सेन्सर बिघडला असणार. तिने नवा बसवायला लावला. एकतीस आले. मग तिने प्रयोगशाळेतलं तापमापक नेलं आणि त्याची तार स्वतःच्या हाताने नळीत सोडली. सव्वीस. भर उन्हात नळीच्या अंगावर पाण्याचे थेंब धरले होते. तिने एक थेंब बोटावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

भूपेंद्र रोज दुपारी दोनला शिरपूरहून निघायचा आणि धुळ्याच्या त्याच दवाखान्याच्या फाटकाशी पोचल्यावर तिला वेळ कळवायचा. बेचाळीस मिनिटं. अडतीस. तेहतीस. एका रविवारी ती शेजारी बसली. काटा एकदाही नव्वदच्या पुढे गेला नाही. तापीचा पूल, नरडाणा, सोनगीर, सगळं रोजच्यासारखं गेलं. एकोणतीस मिनिटं लागली. तिने कागदावर भागाकार मांडला, दोनदा तपासला आणि कागद पर्समध्ये ठेवून दिला.

भूपेंद्रच्या गालांची हाडं वर आली होती. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. दुकानाचं शटर पंधरा दिवसांत उघडलं नव्हतं.

"जेवतोस ना रे?"

"बठ्ठं, सगळं बरोबर करसू, ताई. थोडं बाकी शे."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती तडक गॅरेजात गेली. "नाना, त्याचं डोकं ठिकाणावर नाही. यापुढे त्या गाडीत काही बदल करू नका."

जीवराम नाना हात पुसत बाहेर आले. "अक्का, मी पहिल्या दिवशी जे बसवलं ते बसवलं. त्यानंतर त्या गाडीला पाना लावलेला नाही. तो फक्त आणून उभी करतो आणि बॉनेट उघडून बसतो." गाडी तिथेच, पत्र्याच्या सावलीत उभी होती. भूपेंद्र चहाला गेला होता. नानांनी आवाज खाली घेतला. "किल्ली माझ्या खिशात आहे. इंजिन दोन तासांपासून बंद आहे. तुम्हीच बघा."

त्यांनी पावतीवहीतला एक कोरा कागद फाडून बंपरच्या जाळीपाशी धरला. कागद आत ओढला गेला आणि जाळीला चिकटला. मग सुटला. मग पुन्हा चिकटला.

सुलक्षणाने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा.

ती खाली वाकली. आतून आवाज येत होता, ओलसर, घशात काहीतरी अडकल्यासारखा. मागून भूपेंद्र कधी आला ते तिला कळलं नाही.

"त्या दिन गाडीमा अशीच घरघर चालू व्हती," तो म्हणाला. त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी शांत होता. "माय शे."

नाना म्हणाले, "भूपेंद्रभाऊ, गाडी घेऊन जा. माझ्या दारात नको."

पंधरा मेला सुलक्षणाने रजा टाकली आणि सकाळच्या बसने शिरपूर गाठलं. वर्षश्राद्ध तिथीने आधीच होऊन गेलं होतं. त्याला भूपेंद्र पाटावर नीट बसलासुद्धा नव्हता. तिने त्याचे दोन्ही हात धरले. "आज मी बरोबर येते. पण त्यानंतर ही गाडी विकायची. शपथ घे."

"हाई शेवटली येळ," तो म्हणाला.

दोन वाजता निघाले. एसी बंद होता, काचा वर. पुलावर स्कॅनरने अकरा दाखवले. खाली तापीचं पात्र उन्हात पांढरं पडलं होतं. सुलक्षणाच्या दंडावर काटा आला होता आणि तोंडातून वाफ निघत होती. ती आकड्यांकडे बघत राहिली, कारण दुसरीकडे बघायचं नव्हतं.

नऊ. सात.

नरडाणा मागे पडलं आणि घरघर सुरू झाली. बॉनेटमधून नाही. मागच्या सीटवरून.

भूपेंद्रच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात स्टेअरिंगवर घट्ट होते. आरशात त्याने एकदाही बघितलं नाही. तिनेही मान वळवली नाही. ती मोजत होती. मिनिटाला चौदा. मग अकरा. मग आठ.

दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं. सोनगीरच्या अलीकडे एक श्वास आला आणि पुढचा येईना.

गाडी थांबवायला सांगायचं, म्हणून ती आली होती. तिने तोंड उघडलं.

"दाब," ती ओरडली. "आखो दाब, अजून दाब, भूपेंद्र!"

दवाखान्याच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. कुणी हाक मारायच्या आत दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन पळत आले. त्यांनी मागचं दार उघडलं, वाकले, एकाने काखेत, एकाने गुडघ्याखाली हात घातले. सुलक्षणा समोरच्या काचेकडे बघत होती. तिला त्यांचा कण्हल्यासारखा आवाज ऐकू आला, आणि मागची स्प्रिंग वर उचलली गेल्याचा हेलकावा कमरेला जाणवला.

"वेळेत आणलंत," एकजण म्हणाला.

भूपेंद्र स्ट्रेचरबरोबर धावत आत गेला. काचेचं दार मिटलं.

ती तशीच बसून राहिली. स्कॅनरवरचा आकडा चढत गेला. वीस, तीस, पंचेचाळीस. घाम फुटला तेव्हा ती उतरली. अपघात विभागात टेबलाशी बसलेल्या सिस्टरने तिचं सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन आली.

"ताई, जेवणाच्या सुट्टीपासून एकही पेशंट आलेला नाही."

सुलक्षणाने तिन्ही मजले पालथे घातले. भूपेंद्रचा फोन बंद लागत होता. पाच वाजता ती गाडीत बसली आणि स्वतः चालवत शिरपूरला निघाली. रस्त्याला पूर्ण एक तास लागला.

घराचं दार आतून लावलेलं होतं. उन्हं अजून भिंतीवर होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोडणीचा वास येत होता, ताटात भाकरी मोडल्याचा, वाटी सरकवल्याचा आवाज येत होता. सुलक्षणाने कडी वाजवली.

आतले आवाज थांबले.

"कोन शे रे?" आईने विचारलं.

"ताई आहे, भूपेंद्र. दार उघड." तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. "माय! मी शे!"

आत पाट सरकला. मग दाराच्या अगदी पलीकडून, हलक्या आवाजात, भूपेंद्र बोलला.

"कोनी नही, माय. तू जेव."