खाटेखालचा हात

मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी लायटोन म्हाताऱ्याने उभा जन्म गवताची छपरं शाकारली. त्यामुळे आजारी पडून इस्पितळात आल्यावर तिथली नर्स "आजोबा, एकटे उतरू नका," म्हणाली तेव्हा त्याला हसूच आलं.

"अगं, छपरावरून कधी पडलो नाही, आता खाटेवरून पडेन?"

"तुमच्या आधी या खाटेवर होते ना, तेही असंच म्हणाले होते. बायको स्वयंपाकाला गेली आणि हे उठले. डोकं आपटलं. तिने हाय खाल्ली, पाठोपाठ तीही गेली."

पडणारे लोक वेगळे, असं म्हाताऱ्याला मनापासून वाटे. त्याला फक्त आपल्या पायांनी घरी जायचं होतं.

तिथे प्रत्येक रोग्याचं माणूस खाटेखाली चटई टाकून निजतं. लायटोनच्या खाटेखाली त्याची लेक एनेलेसी असे. पण लेकीच्या खांद्यावर हात टाकून संडासाला जायचं, या विचारानेच तो लाजेने अर्धमेला होई.

संध्याकाळी सगळी सोबतीची माणसं मागच्या शेडमध्ये एन्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजवायला गेली. वीजही गेली. पावसाळी अंधारात नुसता खोकल्याचा आवाज येत होता. हीच संधी म्हणून म्हाताऱ्याने पाय खाली सोडले. उभा राहिला, तशी फरशी हलल्यासारखी वाटली.

खालून एका हाताने त्याचा घोटा धरला.

"एनेलेसी, तू गेली नाहीस होय? सोड गं. जाऊ दे मला."

पकड आवळली. हात गारठलेला, ओल्या पिठाने चिकट. करपलेल्या मक्याचा वास आला.

"सोड म्हणतो ना... मी नाही पडत..."

"तेही... असंच म्हणाले होते..."

आवाज लेकीचा नव्हता. म्हातारा मटकन खाटेवर बसला. तेवढ्यात कंदील आणि टोप घेऊन एनेलेसी दारातून आत आली.

"बाबा, कुणाशी बोलत होता?"

तिची चटई गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती. म्हाताऱ्याच्या घोट्यावर पीठ वाळत होतं.

त्यानंतर तो हाक मारल्याशिवाय कधी उठला नाही. लाज गुंडाळून ठेवली, लेकीचा खांदा धरला, आणि खरोखरच आपल्या पायांनी घरी आला. त्याला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी तो ओसरीत चटईवर पडला होता. बाहेर लख्ख ऊन. एनेलेसी विहिरीवर गेलेली. आता आपल्याच घरात कसली भीती, असं म्हणत तो एकटाच उठायला गेला.

घोट्याभोवती गार, चिकट बोटं आवळली.

त्याने हळूच खाली पाहिलं. इथे खाट नव्हती. चटईखाली नुसती माती होती.