वामनराव सांगत होते

हे खरं घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मामाबरोबर. सांगणारी माझी आई, आणि ती भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती.

साल १९३७. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. गाव चिखली. रात्रही नव्हती... रविवारची भर दुपार होती.

मामा, चिंतामण मास्तर, शाळेत शिकवायचा. आईवडील वारलेले. घरात तो आणि त्याची धाकटी बहीण सुलभा, म्हणजे माझी आई.

मामाला एकच वेड. बुलढाण्याचे कादंबरीकार वामनराव. त्यांची पुस्तकं त्याला तोंडपाठ होती. एकदा धीर करून त्यानं त्यांना आठ पानी पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं.

"अक्षर चांगलं आहे. रविवारी या."

मामानं ते कार्ड देवघरात ठेवलं.

त्यानंतर चार वर्षं तो दर रविवारी मोटरनं बुलढाण्याला जायचा. वामनराव आरामखुर्चीत पडून सांगायचे, मामा जमिनीवर बसून लिहायचा. जेवायची वेळ झाली की वामनराव आत जायचे. मामा ओसरीवर घरून आणलेली भाकरी सोडायचा.

मेहकरची एक मुलगी त्याला पसंत पडली होती. वामनराव म्हणाले, "आधी कादंबरी होऊ द्या." मामानं स्थळाला नकार कळवला.

मग एका मंगळवारी वामनराव तापानं गेले. कादंबरी अर्धीच राहिली.

मामा त्यांना पोचवून आला आणि दोन दिवस बोलला नाही. आईला वाईट वाटलं... पण थोडं हायसंही वाटलं. आता रविवारी भाऊ घरी असेल.

रविवार आला.

आई स्वयंपाकघरात होती. माजघरातून टाकाची कुरकुर ऐकू आली.

कुरकुर... मग थांबली.

"जी," मामा म्हणाला.

पुन्हा कुरकुर.

आईनं डोकावलं. मामा जमिनीवर वही घेऊन बसला होता. समोर कोणी नव्हतं. तो मान वर करून ऐकत होता... आणि तो ऐकत असेपर्यंत बाहेर काहीच वाजत नव्हतं. चिमण्या नाहीत. कापसाच्या गाड्या नाहीत. त्यानं टाक टेकवला की सगळे आवाज परत यायचे.

"दादा, काऊन लिहून राह्यला? ते गेले ना."

"मले मालूम हाय. मीच पोचवून आलो त्याइले."

"मंग नाही म्हण."

मामानं टाक दौतीत बुडवला.

"सुलभा, त्याइले नाही म्हणणं मले कधी जमलंच नाही."

पुढं रविवार पुरेना. शाळा सुटली. जेवण सुटलं. शेवटी आईनं दौत मोरीत ओतली. मामा कोरडाच टाक चालवत राहिला.

मग आई त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहिली.

"माहा भाऊ आता लिहिणार नाही."

सगळं थांबलं...

आईनं मामाला हाक मारली. तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. पुन्हा मारली. काहीच नाही.

ऐकू आलं ते फक्त मामाचं बोलणं. तो तिच्याशी बोलत नव्हता.

"तिला सोडा, साहेब. मी येतो तिकडे."

आवाज परत आले. मामानं वह्या पिशवीत भरल्या. आईनं दारापर्यंत त्याचा हात सोडला नाही. त्यानं तो हळूच सोडवला.

तो बुलढाण्याला उतरला, एवढं मोटरवाल्यानं सांगितलं. वामनरावांच्या घराला कुलूप होतं. उघडून पाहिलं. आत कोणी नव्हतं.

पुढच्या वर्षी ती कादंबरी छापून आली. पूर्ण.

आईनं पुण्याच्या प्रकाशकाला पत्र टाकलं. उत्तर आलं, "हस्तलिखित टपालानं आलं. शिक्का मलकापूरचा. पाठवणाऱ्याचं नाव नाही. अक्षर फार सुबक."

आई मलकापूरला गेली. तीन दिवस पोस्टात, स्टेशनात, बाजारात विचारत फिरली. असा माणूस कोणी पाहिला नव्हता.

मग दर वर्षी एक पुस्तक येत राहिलं. मेलेल्या माणसाचं नवं पुस्तक.

आई ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची. गोष्टीसाठी नाही. भावानं आपल्यासाठी एखादा शब्द मध्येच घातला असेल म्हणून.

कधीच नव्हता.

तरी पुस्तक आलं की ती घरात गोड करायची. दादा आहे, म्हणायची.

१९४४ साली पुस्तक आलं नाही. आईनं वर्षभर वाट पाहिली. मग पितृपक्षात भावाचं श्राद्ध घातलं. तिथी माहीत नव्हती, म्हणून अमावास्येला.

तो सुटला, की नुसतं लिहायचं थांबलं... आई शेवटपर्यंत हेच विचारत राहिली.

ती पुस्तकं आता माझ्या कपाटात आहेत. मला ती विकवत नाहीत. आणि वाचवतही नाहीत.