आठवा प्रश्न

आत्याचा हात धरून ती दवाखान्याचा जिना चढत होती. लिफ्ट वर्षभर बंद. दुसऱ्या वळणावर आत्याने पायरीवरच बसकण मारली, आणि नेमका तेव्हाच खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला एक तरुण वरून उतरला. काही न विचारता त्याने आत्याला दुसरा हात दिला.

"लिफ्ट दुरुस्त करायला आलात?" तिने विचारलं.

"दर महिन्याला येतो. नवा भाग मंजूर होत नाही, म्हणून नुसतं बघून जातो." तो हसला... आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. "यंदा निवडणुकीला उभ्या आहेत ना त्या शाळेतल्या बाई, त्यांच्या पेजवर विचारलं, याचं काय करणार म्हणून. सात वेळा. सातही वेळा कुणीतरी प्रश्न पुसून टाकला."

तिचे कान तापले. त्या बाई म्हणजे तिची आई, आणि पेज सांभाळायची ती. आईकडे ना गाड्या, ना मोठ्या सभा. होता तो एक फोन. आईला उत्तर आलं नाही तर चारचौघांत हसं होईल, या भीतीने ती डोळ्यांत तेल घालून बसायची.

आत्याला वरच्या बाकावर टेकवलं आणि तिला राहवेना. "ते... मीच पुसलं."

"सातही वेळा?"

"सहा. एकदा मामाने."

"म्हणजे सहा वेळा तुम्ही माझं नाव वाचलंत. बरंच म्हणायचं."

"रागावला नाहीत?"

"रागावलोय की. पण तुम्ही समोर असताना जमत नाहीये."

घरी तिने सगळं सांगितलं. आईने चष्मा काढला. "पोरांनी अवघड प्रश्न विचारला, म्हणून मी कधी फळा पुसला का गं?"

संध्याकाळी आई पेजवर लाइव्ह बोलायला फोनसमोर बसली. "दवाखान्याच्या लिफ्टचं काय करणार, हा प्रश्न इथून सात वेळा पुसला गेला. चूक आमची. उत्तर मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा."

आणि लोक बोलू लागले. औषधाच्या दुकानदाराने मंजुरीचा कागद कुठल्या कचेरीत अडकलाय ते लिहिलं. निवृत्त कारकुनाने अर्ज कसा करायचा ते सांगितलं. एका आजीने पायऱ्या मोजून कळवल्या, सहासष्ट. जन्मात कधी सभेला न गेलेली माणसं ही. "उद्या अकराला त्या कचेरीत जाते," आई म्हणाली. "हरले तरी जाणारच." खाली 'मी येतो', 'मी येते'ची रांगच लागली. तिचा ऊर भरून आला. ही आपली आई.

तेवढ्यात त्याचं नाव चमकलं. आईने सवयीने मोठ्याने वाचलं, "आठवा प्रश्न. पेज सांभाळणाऱ्या बाई उद्या येणार का? काम झाल्यावर चहा माझ्याकडून."

चार हजार माणसं ऐकत होती. आईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हा पुसायचा का गं?"

"नको... राहू दे." आणि सगळ्यांदेखत तिने लिहिलं, "येते. चहा मात्र दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टने जाऊन."

खाली लगेच आत्याचं उत्तर आलं, "साखर माझ्याकडून. आधी लिफ्ट."