खालच्या पेटीतला भात

कल्पना करा, बाहेर गुडघाभर बर्फ आहे आणि तुम्ही एका उबदार लाकडी खोलीत शिरताय. चहूकडे वाफवलेल्या भाताच्या उथळ पेट्या आहेत. या भातावर पांढरी बुरशी धरली, की त्याचीच साके दारू होणार. एरवी इथे गोडसर वास येतो. आज कुबट येतोय.

नऊ वर्षांची मिओरी नाक दाबून दाराशी उभी होती. एकावर एक रचलेल्या पेट्यांपैकी सगळ्यात खालच्या एका पेटीतला भात बुळबुळीत झाला होता.

हे कशानं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. नात्तोनं, म्हणजे आंबवलेल्या चिकट सोयाबीननं. हातावरून त्याचा अंश गेला की भात नासतो. म्हणून हिवाळाभर कारखान्यात कुणी ते खात नसे.

मालक सेगावा म्हणजे मिओरीचे आजोबा. त्यांनी चौकशीआधीच ओनुमा या कामगाराचं नाव घेतलं. त्याच्या गावी नात्तोशिवाय न्याहारी होत नाही, तेव्हा यानंच चोरून खाल्लं असणार. त्यानं संध्याकाळच्या गाडीनं घरी जावं. ओनुमा शपथा घेत राहिला.

मुख्य कारागीर कुमेदाबाईंनी मात्र एकेक पेटी हुंगली.

"ओनुमा, काल भात हातानं खालीवर कुणी केला?"

"मीच. वरपासून सुरुवात केली, खालची पेटी शेवटी."

"मग तुझे हात भलतेच हुशार. वरच्या सगळ्या सोडून नेमकी खालची नासवली."

उगाच फाटे फोडू नका, असं म्हणून मालकांनी ओनुमाला बाहेर पाठवलं.

बाई गुडघ्यांवर बसल्या. बुळबुळ सुरू झाली होती ती दाराकडच्या कडेला. तिथे बोट लावायला मोठ्या माणसाला असंच बसावं लागे. त्यांनी मान वळवली. मिओरीचा चेहरा त्यांच्या समोर आला.

"बाळ, परवा आजोबांबरोबर शहरातून आलीस ना? तिथे न्याहारीला काय होतं?"

"चिकट दाणे. तारा सुटतात ते. आजोबा म्हणाले, घरी मिळत नाहीत, खाऊन घे."

"आणि इथे आल्यावर?"

"आजोबांनी भात दाखवला. मी बोट लावून पाहिलं."

कुमेदाबाई उठल्या. "पोरीला काय माहीत? नियम तुम्हाला माहीत होता, मालक. तिचे हात न धुवता तिला आत आणलंत. आज पेटी उघडताच तुम्हाला सगळं कळलं, म्हणून तर चौकशीआधी नाव तयार होतं. भात काय, दुसरा लावू. पण मालकच आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालतो म्हटल्यावर उद्या इथे कोण चूक कबूल करील?"

 

मिओरी थांबली नाही. ती बर्फातून कामगारांच्या खोलीकडे धावली. ओनुमाची वळकटी बांधून झाली होती. "तुम्ही नाही, मी केलं," म्हणत ती त्याच्यापुढे वाकली आणि वळकटीची दोरी सोडू लागली. गाठ घट्ट होती. तिनं दात लावले.