उष्टी हवा

हे खरं घडलंय. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. कोणाला पटवायची हौस मला उरलेली नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. हिवाळ्यातली भर दुपार होती.

मी एका डेटा सेंटरमध्ये कामाला होतो. लांबच लांब हॉल, त्यात कपाटांच्या रांगा आणि कपाटांत सर्व्हर. तुमचे फोटो, निरोप, भांडणं, सगळं तिथेच साठतं. ही यंत्रं समोरून गार हवा घेतात आणि मागून गरम हवा सोडतात. त्यांना गार ठेवण्यात बेसुमार वीज जाते. ती वाचवणं हे माझं काम.

मागच्या त्या गरम हवेला आमचा बर्फ्या 'उष्टी हवा' म्हणायचा. बर्फ्या म्हणजे कूलिंगचा मेकॅनिक, माझा दोस्त. यंत्रानं एकदा तोंड लावलं की हवा उष्टी झाली, असा त्याचा हिशोब. आधी आम्ही हसायचो. मग मीटिंगमध्ये साहेबसुद्धा तेच म्हणायला लागले.

ही उष्टी हवा फुकट बाहेर का सोडायची? मी डोकं चालवलं. डक्ट, म्हणजे हवेचा पत्र्याचा बोगदा टाकून ती मागच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये आणायची. म्हणजे तिथले हीटर बंद.

पहिलं घर माझंच निवडलं. आमचं बाळ सातव्या महिन्यात झालं होतं. मुठीएवढा जीव. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "याला ऊब कमी पडू देऊ नका. हा श्वास घ्यायला विसरतो."

हवेची जाळी मी पाळण्याच्या वरच बसवून घेतली. खोली छान उबदार झाली.

"चला, तुझ्या नोकरीचा घराला एकदाचा उपयोग झाला," बायको म्हणाली.

थोड्याच दिवसांत तिनं नाक मुरडलं.

"वास येतोय..."

"कसला?"

"तोंडाचा."

मी जाळीपाशी नाक नेलं.

शी!

चूळ न भरलेल्या माणसानं तोंडावर जांभई द्यावी, तसा. आंबूस... कुबट... कोमट.

यंत्राच्या हवेला असा वास येत नाही. फार तर तापलेल्या प्लास्टिकचा येईल. मी फिल्टर बदलला. वास गेला नाही, उलट वाढला. घरात घास गिळवेना.

मग ती दुपार आली.

बायको अंघोळीला गेली होती. मी पाळण्यापाशी बसलो होतो. हवा येतेय की नाही हे कळावं, म्हणून आम्ही जाळीला कागदाची पट्टी चिकटवतो. ती खोलीकडे फडफडत होती.

अचानक ती थांबली.

आणि... आत ओढली गेली.

पुन्हा बाहेर आली.

पुन्हा आत.

पंखे हवा एकाच बाजूला ढकलतात. आत ओढायचा प्रश्नच नव्हता.

माझं लक्ष पाळण्यात गेलं. पट्टी बाहेर आली की बाळाची छाती फुगत होती. पट्टी आत गेली की बसत होती.

ते जे सोडत होतं, ते माझं पोर घेत होतं.

मी बर्फ्याला फोन लावला.

"अरे, आमच्या लाइनचे पंखे उलटे फिरतायत का?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुमच्या लाइनचे पंखे सकाळीच दुरुस्तीला काढलेत."

"मग हवा कुठून येतेय?"

तो फोन ठेवून धावतच आला. स्टुलावर चढून त्यानं जाळी काढली, आत हात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

कोपरापर्यंत ओला. चिकट. बोटांमधून पाकासारखी तार लोंबत होती.

त्या डक्टमध्ये पाण्याचा थेंब नसतो.

"लाळ आहे ही..." एवढं म्हणून बर्फ्या बेसिनकडे पळाला आणि भडाभडा ओकला.

तोवर बायको बाहेर आली. तिनं बाळाला उचलून छातीशी धरलं. "बंद कर ते! आधी बंद कर!"

मी डक्टची झडप ओढून घट्ट लावली.

वास तुटला. खोली एकदम शांत झाली...

फारच शांत.

"हा श्वास घेत नाहीये," बायको म्हणाली.

बाळाचे ओठ निळे पडत होते. मी पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. बर्फ्या दारातून ओरडला, "वहिनी, तोंडानं फुंकर घाला!" तिनं घातली. काही नाही.

"उघड," ती म्हणाली. रडत नव्हती. "उघड ती झडप."

मी उघडली.

भप्पकन घाण, कोमट हवा आमच्या तोंडावर आली. बायकोनं बाळाला दोन्ही हातांनी वर, त्या भोकासमोर धरलं.

बाळाची छाती फुगली.

तसंच उचलून आम्ही हॉस्पिटल गाठलं. वाटेत त्याचा श्वास एकदाही अडला नाही. का, ते मला माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ ठणठणीत आहे.

त्या घरात आम्ही परत पाऊल टाकलं नाही. बर्फ्यानं डक्ट कापला. आतून कोरडा होता म्हणे, धूळसुद्धा होती.

पोरगा आता शाळेत जातो. गोड आहे, खोडकर आहे. झोपताना माझ्या गळ्यात पडतो आणि कानाशी श्वास सोडतो...

तोच वास.

लाज वाटते, पण मला माझ्याच पोराची किळस येते.

बायको म्हणते, कसला वास, तुला भास होतात.

पण त्याचा पापा घेताना तीसुद्धा श्वास रोखून धरते. मी पाहिलंय.