अमावस्येचा धोटा

दोन दात. एक मागाखाली, दुसरा मेलेल्याच्या घशात.

बंद यंत्रमागांवर ताजं हळदकुंकू.

प्रयोगशाळेतली बशी. झाकण उघडलं की ब्लीचिंग पावडरचा वास.

कोठडीत फुटलेल्या ओठांचा माणूस. एकच शब्द. न्हाय.

वडगावचा विणकर साईनाथ अमावस्येच्या दुपारी आपल्याच शेडमध्ये मेला. कुणीतरी त्याच्या तोंडावर ठोसा हाणला, मग केस धरून डोकं मागाच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. कवटी फुटेपर्यंत.

त्याच्याकडे कामाला असलेला गुंजीचा रवळू आदल्या दिवशी त्याच्याशी भांडला होता. एवढं गल्लीला पुरलं. मागाच्या पट्ट्याने त्याला झोडपून लोकांनी पोलिसांकडे दिला. त्याची पोलीस कोठडी उद्या संपत होती. पुढे हिंडलग्याचा तुरुंग.

फौजदार माधवीला ते पटत नव्हतं. रवळूच्या पाठीवर वळच वळ, बरगड्या मोडलेल्या, पण मुठी कोऱ्या. दोन दात पाडणाऱ्याच्या मुठी अशा?

"पहिला हात कुणी टाकला तुझ्यावर?"

"जोतिबाअण्णानं. मालकाच्या मेव्हण्यानं. डाव्या हातानं मारत हुता बाई, तरी लई लागलं."

जोतिबाची शेड शेजारीच होती. त्याचा उजवा हात सुजून टम्म झाला होता.

"हे काय, अण्णा?"

"मागातला आडवा धागा नेणारा धोटा उडाला. साईनाथ गेला त्याच दिवशी. मी माझ्या मागावर हुतो, बोटाच्या सांध्यावर येऊन बसला. मेडिकलमधनं सेफॅलेक्सिन आणून खाल्लं, तरी पू थांबंना."

"चला, दवाखान्यात दाखवू."

पू तपासायला गेला. निकाल सांगायला डॉक्टर भाग्यलक्ष्मीने माधवीला बोलावूनच घेतलं.

"जिवाणू स्वतःभोवती भिंत विणतो," ती म्हणाली. "बीटा-लॅक्टम औषधांत एक चौकोनी कडी असते. ती विणणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटते. विणकाम थांबतं, भिंत उसवते, जिवाणू फुटतो."

"मग हा का फुटला नाही?"

"कडी एक, घराणी चार. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, मोनोबॅक्टम. प्रत्येकाची पकड वेगळी. कातडीवरचा नेहमीचा जिवाणू बहुतेक वेळा पेनिसिलिनची कडीच तोडून टाकतो, पण सेफॅलेक्सिनला मरतो. हा बरोबर उलटा. सेफॅलेक्सिनला जुमानत नाही, साध्या पेनिसिलिनला मरतो."

"राहतो कुठं?"

"माणसाच्या तोंडात. दातांच्या कडेला. बशीतला ब्लीचिंग पावडरचा वास त्याचाच."

माधवी तडक जोतिबाच्या शेडमध्ये गेली. डॉक्टरांचं म्हणणं ऐकून तो हसला.

"बाई, तुम्ही निपाणीच्या. तंबाखूतलं कळतंय, मागातलं न्हाय. धाग्याचं टोक आम्ही धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून काढतो. थुंकी लागतीच. तोंडातला जंतू धोट्यावर असणारच की."

खरं होतं. माधवीने मागाकडे पाहिलं.

"कुठला धोटा लागला?"

"ह्यो. एकच माग हाय माझा."

तिने धोटा उचलून उजेडात धरला. टोकापासून टोकापर्यंत हळदकुंकवाचा जाड पट्टा. सुकलेला, कुठेही न खरवडलेला.

"हे कधी लावलं?"

"आवसंला. सकाळी."

"आणि त्यानंतर हा मागात फिरला?"

जोतिबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"फिरला असता तर कुंकू कापडाला लागलं असतं, अण्णा. अमावस्येला तुमच्यात माग पुजतात, चालवत नाहीत. गल्लीतल्या सगळ्या शेड बंद होत्या. दुसऱ्या दिवसापासून तुमचा हात चालत नव्हता. धोटा हललाच नाही, मग उडाला कसा? तुमच्या सांध्यावर बसले ते साईनाथचे दात. ठोसा मारताना ते आत घुसले, जिवाणू मागे सोडून गेले. तुम्ही औषध खाल्लं जखमेवरचं, चावलेल्यावरचं नव्हे. आणि उजवी मूठ फुटली म्हणून रवळूवर पट्टा डाव्या हातानं चालवलात. चला, साईनाथच्या दातांवरचं तुमचं रक्तही बोलेलच."

जोतिबा मागाच्या पाट्यावर बसला.

"माझ्या बहिणीचा हात मोडला त्यानं. दिपालीचा, सोताच्या बायकोचा. आवसंला सांगायला गेलतो. म्हणाला, उद्या दुसरा मोडतो."

"आणि रवळूच्या बरगड्या? त्यानं कुणाचं काय मोडलं होतं?"

माधवीने कोठडी उघडायला फोन लावला.

अमावस्येच्या सकाळी मेव्हण्याच्या शेडमध्ये पूजेला येऊन जोतिबाच्या धोट्याला ते कुंकू साईनाथनेच लावलं होतं.